गरिबांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेसाठी मंडळीतून निधी जमवायचाय, डिनर सोडून काहीतरी सुचवा

नवीन_सेक्रेटरी

सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, यंदा ठरवलंय की एका ख्रिस्ती संस्थेसाठी निधी जमवायचा. ही संस्था कर्जात बुडालेल्या आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबांबरोबर काम करते, नुसतं धान्य वाटून मोकळी होत नाही तर घरी बसून हिशोब मांडून देते, सावकाराशी बोलते, मुलांची शाळा सुटू नये म्हणून बघते वगैरे. काम चांगलंय यात वाद नाही. त्यासाठी कमिटी नेमली आणि ज्या मीटिंगला मी नव्हतो त्याच मीटिंगमध्ये मला सेक्रेटरी करून टाकलं, ते असो.

आता कमिटीतल्या ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं असं की एक भव्य डिनर ठेवू, हॉल घेऊ, तिकीट लावू, कोणीतरी पाहुणा बोलवू, गाण्याचा कार्यक्रम ठेवू आणि शेवटी रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसाची सोडत. खजिनदार म्हणतात पैसे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडूनच येणार ना, मग त्यांना आवडेल असं करू. मुद्दा एकदम चूक आहे असंही नाही. पण आमच्या मंडळीत निम्म्या लोकांना ते तिकीट परवडणार नाही हे सगळ्यांना माहितीये, आणि मला जे जास्त खटकतं ते म्हणजे ज्या संस्थेसाठी आपण हे करतोय तिची मदत घेतलेली दोन-चार घरं आमच्याच बाकांवर बसतात. म्हणजे गरिबांसाठीच्या कार्यक्रमात गरीब बाहेर आणि बाकीचे आत जेवतायत असं काहीतरी चित्र होईल.

तर सर्वांना भाग घेता येईल अशा आयडिया हव्यात, शक्यतो प्रत्यक्ष करून बघितलेल्या. रॅफल चर्चमध्ये चालतं का यावर पण बोला कारण आमच्याकडे दोन गट पडलेत. आणि मंडळीबाहेरच्या, दुसऱ्या धर्माच्या लोकांकडे मागायला जायचं का, गेलं तर काय सांगायचं? मला खरंच कळत नाहीये.

जुना_खजिनदार

सेक्रेटरी साहेब, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही :) गैरहजर माणसाला पद देणं ही आपल्या कमिट्यांची फार जुनी खोड आहे.

पहिलं काम, काहीही ठरवायच्या आधी त्या संस्थेला फोन करा. बहुतेक संस्थांकडे मंडळ्यांशी बोलणारा एक माणूस असतोच, त्याच्याकडे पोस्टर, पाकिटं, व्हिडिओ, डबे तयार असतात आणि त्यांचं नाव-लोगो कसा वापरायचा याचे नियम पण असतात. शिवाय त्यांना नक्की कशासाठी पैसे हवेत ते विचारून घ्या. "या एका कामासाठीच" म्हणून जमवलेला पैसा बहुतेक ठिकाणी दुसरीकडे वळवता येत नाही, आणि मग जास्त जमला तर पंचाईत. म्हणून आवाहनात एक ओळ घालतात की गरजेपेक्षा जास्त जमल्यास संस्थेच्या इतर कामासाठी वापरला जाईल. छोटी ओळ आहे पण नंतरची भांडणं वाचतात.

डिनरचं म्हणाल तर मी त्याच्या पूर्ण विरोधात नाही, पण लोक जमलेली रक्कम सांगतात, उरलेली सांगत नाहीत. हॉल, जेवण, साउंड, छपाई, पाहुण्याचा येण्याजाण्याचा खर्च हे सगळं वजा केलं की बऱ्याचदा लक्षात येतं की आपण केटररसाठी निधी जमवला. करायचंच असेल तर एकच अट घाला, खर्च आधी कोणीतरी उचलायचा, म्हणजे एखादा व्यावसायिक सभासद हॉल देतो, दुसरा जेवण देतो, आणि जमलेला प्रत्येक पैसा संस्थेला. असे लोक मिळत नसतील तर डिनर नको हे आपोआप ठरतं, तुम्हाला कोणाशी वाद घालावा लागत नाही. आणखी एक, अनेक देशांत तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळालं तर ते पूर्ण पैसे देणगी धरत नाहीत आणि करसवलतीची पावती देता येत नाही. लोक नंतर पावती मागतात आणि मग तोंड लपवावं लागतं.

माझ्या अनुभवात सगळ्यात कमी खर्चात आणि सगळ्यात जास्त लोकांना धरून होणारी गोष्ट म्हणजे स्पॉन्सर्ड वॉक, आपण चालायचं आणि ओळखीच्यांनी त्यासाठी पैसे कबूल करायचे. अमेरिकेत क्रॉप हंगर वॉक म्हणून चालतो, चर्च वर्ल्ड सर्व्हिस या मदतसंस्थेचा, १९६९ पासून. तिथे एक बाब मला फार आवडली. जमलेल्यातला साधारण एक चतुर्थांश भाग त्याच गावातल्या भुकेच्या कामाला परत येतो आणि बाकीचा जगभर जातो. त्यामुळे "आपल्या दारातले गरीब सोडून लांब कशाला" हा जो हमखास प्रश्न येतो ना, त्याचं तोंड आधीच बंद होतं. संस्थेला विचारून बघा असं करता येतं का.

वॉकमध्ये ज्याच्याकडे पैसे नाहीत तो चालतो आणि ज्याच्याकडे आहेत पण गुडघे नाहीत तो स्पॉन्सर करतो. दोघंही देणारेच. फॉर्मवर नाव, कबूल केलेली रक्कम, मिळाली का, आणि सही एवढे चार रकाने ठेवा. "मिळाली का" हा रकाना विसरला तर कबूल केलेले निम्मे पैसे हवेत विरतात, लोक वाईट नसतात, विसरतात. म्हणून वॉकच्या आधीच पैसे घ्यायला सांगा. म्हाताऱ्या माणसांसाठी चर्चच्या आवारात चकरा ठेवा, व्हीलचेअरवाल्यांना पण येता येईल असा रस्ता निवडा, पाणी आणि प्रथमोपचाराचं बघा, रस्त्यावरून जाणार असाल तर परवानगी लागते का ते आधी विचारा. बाकी हिशोबाचं नंतर लिहितो, आत्ता घाईत आहे.

स्पष्टच_बोलतो

डिनरबद्दल फक्त बायबलमधलं याकोबाचं पत्र, अध्याय २ वाचून दाखवा कमिटीत. सोन्याची अंगठीवाल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांवाल्याला "तू तिथे उभा राहा". तरी ऐकलं नाही तर १ करिंथ ११, प्रभुभोजनाला एक जण उपाशी आणि दुसरा तर्र, त्यावर प्रेषित पौल काय चिडलाय बघा. एवढं करून पण डिनरच हवा असेल तर मग ठेवा आणि प्रार्थना करा.

रॅफलला माझा ठाम विरोध. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) जुगाराच्या विरोधात आहे ती उगाच नाही, गरिबांच्यात राहून काम करणाऱ्यांना दिसतं ना घरं कशी बसतात ते. तुमची संस्था कर्जातल्या लोकांना मदत करते म्हणताय आणि त्यांच्यासाठी तुम्ही नशिबाची तिकिटं विकणार? ज्याचा नवरा लॉटरीपायी कर्जात गेला ती बाई तिथे बसून काय विचार करेल?

हसतमुख

रॅफलला जुगार म्हणजे जरा जास्तच होतंय दादा. एक छोटं तिकीट, बक्षीस म्हणजे कोणीतरी दिलेली टोपली, लोक देणगी म्हणूनच घेतात, जिंकायला कोण येतं.

स्पष्टच_बोलतो

जिंकायला कोणी येत नसेल तर मग बक्षीस काढून टाका आणि डबा ठेवा की. बघू किती येतात.

जुना_खजिनदार

दोघांचं भांडण सुरू राहू दे, पण नियमाचं सांगतो. बऱ्याच देशांत रॅफल कायद्याने लॉटरीच धरतात, परवाना किंवा नोंदणी लागते, कुठे एकाच कार्यक्रमात त्याच दिवशी विकलं-काढलं तर सूट असते. ते न बघता तिकीटं छापू नका. आणि मंडळीत दोन गट असतील तर ज्या गोष्टीने एका गटाच्या विवेकाला ठेच लागते ती गोष्ट निधीसाठी करूच नये असं माझं मत. रॅफल नसल्याने कोणी मंडळी सोडत नाही.

सायंकाळची_प्रार्थना

सेक्रेटरी दादा, महिला मंडळातर्फे लिहितेय. आमच्याकडे सगळ्यात टिकलेली गोष्ट म्हणजे घरी न्यायचा डबा. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, प्रत्येक घराला एक छोटा कागदी डबा द्यायचा, टेबलावर ठेवायचा, ईस्टरच्या आसपास परत आणायचा. ही आयडिया आमची नाही, अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांची आहे, १९७५ साली पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनला सुरू झाली, राइस बोल म्हणतात. पैशापेक्षा मला त्यात आवडतं ते असं की घरात मुलं विचारतात हा डबा कशाला, आणि मग जेवताना त्या कुटुंबांविषयी बोलणं होतं, प्रार्थना होते. रविवारी वेदीवरून केलेलं आवाहन दुपारपर्यंत विसरलं जातं, डबा मात्र चाळीस दिवस समोर असतो.

यालाच जोडून, काहीतरी सोडून त्याचे पैसे देणं. मुक्तिफौजेचं नाव निघालंच आहे वर तर त्यांचीच गोष्ट सांगते. १८८६ मध्ये एका सभेत पैसे देण्याची वचनं चालली होती तर जॉन कार्लटन नावाच्या अधिकाऱ्याने लिहून दिलं की मी वर्षभर रोजचं पुडिंग सोडतो आणि त्याचे जे शिलिंग वाचतील ते देतो. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांना कल्पना आवडली पण ते म्हणाले वर्षभर नको, आपण सगळे मिळून एक आठवडा काहीतरी सोडू. त्यातून त्यांचा स्वार्थत्यागाचा सप्ताह सुरू झाला तो आजपर्यंत चालूये. मला नेहमी वाटतं त्या माणसाकडे द्यायला बहुतेक दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने ताटातलं दिलं.

इंग्लंडमधल्या कॅथलिक बायकांनी पण १९६० ला कुटुंबाचा उपवासाचा दिवस ठेवला होता, डॉमिनिका बेटावरच्या आई-बाळांच्या दवाखान्यासाठी, त्यातूनच पुढे दोन वर्षांत कॅफॉड ही एवढी मोठी संस्था उभी राहिली. आणि आपल्या मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायका तर स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला ठेवतात, शंभर वर्षांपेक्षा जास्त झालं, तो तांदूळ विकून मंडळीचं केवढं काम चाललंय. कोणी श्रीमंत नव्हतं त्यात.

एक सूचना मात्र कळकळीची. "एक जेवण सोडा" असं सरसकट सांगू नका. तुमच्या बाकांवर असं घर असू शकतं की ज्यांचं जेवण आधीच सुटतंय, आणि ते लाजेखातर काही बोलणार नाहीत. शिवाय डायबेटिसवाले, गरोदर बायका, खाण्याचा आजार असलेल्या मुली. त्यामुळे "जे तुम्हाला सोडता येईल ते सोडा" एवढंच म्हणा. कोणी जेवण सोडेल, कोणी नवा ड्रेस, कोणी मोबाइलवरचं एखादं सबस्क्रिप्शन. यशया ५८ वाचा त्या दिवशी, उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बाकी स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

मागच्या_बाकावरची

हा धागा बरेच दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

आम्ही अशाच एका संस्थेची मदत घेतलेली आहे. कोणती ते सांगत नाही. नवऱ्याची नोकरी गेली आणि एक कर्ज फेडायला दुसरं असं करत करत एवढं झालं की दाराची बेल वाजली की आम्ही लाइट बंद करून बसायचो. त्या संस्थेची एक बाई घरी आली, सगळी न उघडलेली पाकिटं टेबलावर ओतली, आणि एकेक उघडून तारखेप्रमाणे लावली. रागावली नाही, उपदेश केला नाही. तीन ढीग केले, आधी कोणाला द्यायचं, कोण थांबेल, आणि कोण नुसतंच घाबरवतंय. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होता. त्या रात्री मी झोपले.

नंतर एका मंडळीत त्याच संस्थेसाठी कार्यक्रम होता. स्टेजवरून आमची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, चांगल्या मनानेच सांगितलं, पण मुलं किती, नवरा कुठे कामाला होता हे सगळं सांगितल्यावर नाव घ्यायचं काय राहिलं? दोन-तीन माना वळल्या. माझा मुलगा शेजारी बसला होता, त्याने पुस्तकात डोकं घातलं ते वर केलंच नाही. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित मी स्वतः उभी राहून सांगितलं असतं, सांगण्यासारखं आहेच ते. पण ते माझं आहे ना, मी सांगायचं की नाही ते.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे की कुठलाही कार्यक्रम करा पण आमच्यासारख्यांना त्यात काम द्या. पैसे मोजायच्या टेबलावर बसवा, वॉकच्या रस्त्यावर पाणी द्यायला उभं करा, पोस्टर लिहायला द्या. माझं अक्षर चांगलं आहे, कोणी कधी विचारलं नाही. आम्हाला समोर बसवून आमच्यासाठी टाळ्या नकोत. आणि डबा-पाकीट असं ठेवा की कोणी किती टाकलं ते दिसणार नाही. नाव आणि रकमेची यादी वाचून दाखवायची पद्धत आहे ना काही ठिकाणी, ती बंद करा प्लीज. मी दोन नाणी टाकत असेन, पण ती मला टाकायचीच आहेत.

नवीन_सेक्रेटरी

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार. हे मी कमिटीत शब्दशः वाचून दाखवू का? तुमची हरकत नसेल तरच, आणि मुलांचा वगैरे भाग गाळून.

मागच्या_बाकावरची

वाचा. मुलाचा भाग ठेवा, तोच ऐकायला पाहिजे लोकांनी. इथे मला कोणी ओळखत नाही. आणि हो, विचारलंत म्हणून आवडलं.

तरुणसंघ_कायमचा

वरचं वाचून काही लिहावंसं वाटत नव्हतं पण तरुणांच्या बाजूने दोन गोष्टी टाकतो.

एक म्हणजे टॅलंट चॅलेंज. मत्तय २५ मधला दाखला, धनी चाकरांना पैसे देऊन जातो, बाकीचे ते वाढवतात आणि एक जण जमिनीत पुरून ठेवतो, तो घ्यायचा आणि प्रत्यक्षात करायचा. मंडळीतले एक-दोन सधन लोक सुरुवातीचं भांडवल देतात, प्रत्येक भाग घेणाऱ्याला पाकिटातून सारखीच छोटी रक्कम द्यायची आणि सांगायचं की महिनाभरात हे वाढवून आण. कोणी रंग घेऊन कार्ड बनवून विकतं, कोणी साबण घेऊन लोकांच्या गाड्या धुतं, कोणी रोपं लावून विकतं, एकाने तर त्या पैशात फक्त रंगीत कागद आणले आणि लहान मुलांना कागदाच्या वस्तू शिकवायचा क्लास घेतला. याची गंमत अशी की हातात पैसे नसलेला पोरगाही शून्यावरून नाही तर सगळ्यांच्या बरोबरीने सुरू करतो. आणि जमिनीत पुरून ठेवणारा एखादा निघतोच, त्याला हसायचं नाही, मूळ रक्कम परत आणली तरी चालेल असं आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर भीतीने मुलं पाकीटच घेत नाहीत.

दुसरं, वचनांचा लिलाव. वस्तूंचा नाही, कामांचा. एक जण म्हणतो मी दोन तास गणित शिकवीन, दुसरी म्हणते मी ब्लाउज शिवून देईन, प्लंबर म्हणतो मी गळका नळ दुरुस्त करीन, कोणी म्हणतं तुमच्या आजीला महिन्यातून एकदा दवाखान्यात नेऊन आणीन. पाळकसाहेबांनी "मी तुमची गाडी धुवीन" असं लिहून दिलं तर त्यावर सगळ्यात मोठी बोली लागते ही गॅरंटी. यात खर्च शून्य, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही पण कसब आहे ते लोक देणारे होतात. फक्त प्रत्येक वचनावर शेवटची तारीख लिहा आणि वचन देणाऱ्याला ते खरंच झेपेल का बघा, आणि मुलांना शिकवणं, कोणाच्या घरी जाणं असेल तर ओळखीचा, तपासलेला माणूस असू दे, यावर हलगर्जीपणा नको. लिलावात बोली मोठ्याने लागते त्यामुळे परत "कोणाकडे किती" हा प्रश्न येतो, तर आम्ही कागदावर बोली लिहून पेटीत टाकायची पद्धत केली, शांतपणे होतं आणि भिडस्त लोक पण भाग घेतात.

ऑनलाइन पेज करणार असाल तर रिकामं पेज लोकांपुढे ठेवू नका. आधी ओळखीच्या पाच-सहा जणांना सांगून पहिल्या देणग्या येऊ द्या आणि मग लिंक फिरवा, कारण येणारा माणूस आधीच्यांनी काय केलंय ते बघूनच ठरवतो. पेजवर संस्थेचं पूर्ण नाव, पैसे थेट संस्थेकडे जातात की तुमच्या खात्यात, आणि वेबसाइट किती कापून घेते हे लिहा. कोणाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड तर अजिबात नको, तो माणूस संत असला तरी नको. आणि "देणाऱ्याचं नाव लपवा" हा पर्याय चालू ठेवा, डाव्या हाताला कळू नये म्हणतात ते वेबसाइटवर पण करता येतं.

शेजारचा_बिनचर्चवाला

मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच देवळात-चर्चमध्ये फारसा जात नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासारख्याकडूनच यायला हवं म्हणून लिहितोय. हो, मागायला या. आम्ही देतो. माझा अनुभव असा की चर्चवाले लोक नेमाने येतात, पुढच्या वर्षी पण तेच येतात आणि मागच्या पैशाचं काय झालं ते सांगतात, त्यामुळे विश्वास बसतो.

फक्त दोन गोष्टी मी विचारतो आणि त्यावर गुळमुळीत उत्तर आलं की माझा हात खिशातून बाहेर येत नाही. मदत मिळायला त्या माणसाला ख्रिस्ती असावं लागतं का किंवा प्रार्थनेला बसावं लागतं का? आणि माझे पैसे गरिबीच्या कामाला जाणार की धर्मप्रसाराला? दोन्ही कामं तुमच्या दृष्टीने चांगली असतील, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण मला कशासाठी मागताय ते सरळ सांगा. ख्रिश्चन एडसारख्या संस्था उघडच सांगतात की आम्ही मदत करताना धर्म बघत नाही. तुमच्या संस्थेचं धोरण काय ते आधी समजून घ्या आणि दारात उभं राहून तेच सांगा, संस्थेचं नाव ख्रिस्ती आहे हे लपवू पण नका. लपवलं आणि नंतर कळलं की जास्त राग येतो.

सायंकाळची_प्रार्थना

शेजारदादांनी ख्रिश्चन एडचं नाव काढलं म्हणून, त्यांचा ब्रिटनमधला निधी जमवायचा सप्ताह १९५७ पासून चालूये, मे महिन्यात लोक दारोदार पाकीट टाकत आणि काही दिवसांनी परत घ्यायला जात. पाकिटाची युक्ती यासाठी चांगली की दारात उभं राहून कोणाच्या तोंडावर मागावं लागत नाही, घरच्यांना विचार करायला वेळ मिळतो आणि आत किती आहे ते दिसत नाही. पण आजकाल बंद इमारती, गेटवर वॉचमन, लोकांना अनोळखी माणूस नको असतो, त्यामुळे ओळखपत्र, दोघा-दोघांच्या जोड्या आणि आधी सोसायटीची परवानगी एवढं कराच. आणि रिकामं पाकीट परत आलं तरी थँक्यू म्हणूनच घ्यायचं.

स्पष्टच_बोलतो

मागच्या बाकावरच्या ताईंना सलाम. आणि शेजारदादा, धर्माचा प्रश्न सरळ विचारलात ते बरं केलंत. आपल्यातले पण काही जण यावर गुळमुळीत बोलतात.

जुना_खजिनदार

हिशोबाचं लिहितो म्हणालो होतो. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली त्याची २ करिंथ ८ आणि ९ मध्ये पूर्ण पद्धतच आहे, आपण ते अध्याय फक्त "संतोषाने देणारा" या एका वचनासाठी वाचतो. नीट वाचाल तर तो पैसे एकटा नेत नाही, तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ पाठवतो, आणि कारण पण सांगतो, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून. प्रेषिताला जर साक्षीदार लागत असेल तर आपल्या कमिटीला का लागू नये? आणि १ करिंथ १६ मध्ये तो म्हणतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. म्हणजे एका रात्रीच्या डिनरपेक्षा दर आठवड्याची छोटी रक्कम हे त्याचंच मॉडेल आहे. कमिटीतल्या ज्येष्ठांना हे सांगा, ते माझ्या वयाचे असतील तर ऐकतील.

प्रत्यक्षात असं. डबे सीलबंद, त्यावर नंबर, कोणता डबा कोणाकडे गेला त्याची वही. उघडताना एका घरातले नसलेले दोघं हजर, दोघांची सही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. जमलेल्या रोखीतून खर्च करायचा नाही, म्हणजे "पाण्याच्या बाटल्या आणल्या म्हणून तेवढे कमी भरले" हे चालणार नाही, आलेले सगळे भरायचे आणि खर्चाचं बिल वेगळं. मंडळीच्या दानार्पणात हे पैसे मिसळू देऊ नका, वेगळं रजिस्टर. संस्थेची पावती आली की फोटो काढून नोटीस बोर्डावर लावा, एकूण रक्कम, खर्च आणि पाठवलेली रक्कम तिन्ही आकडे, देणाऱ्यांची नावं मात्र नाहीत.

आणि सार्वजनिक ठिकाणी डबा घेऊन उभं राहायचं असेल तर परवानगी बघा. मुक्तिफौजेच्या जोसेफ मॅकफीने १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर, जिथे ओकलंडच्या फेरीबोटी लागायच्या तिथे, एक मोठं पातेलं टांगलं होतं, हजार गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं म्हणून. लिव्हरपूलला खलाशी असताना त्याने तसं पातेलं बघितलं होतं. त्याचं खरं डोकं जागा निवडण्यात आहे, जिथे लोक थांबतात, खिशात हात घालायला वेळ असतो आणि सुटे पैसे हातात असतात. तुमच्याकडे सुटे पैसेच कोणी बाळगत नसेल तर पातेल्यावर संस्थेचा कोड चिकटवा, पण कोणीतरी त्याच्याजवळ उभं असू दे. कोणी वरून दुसराच कोड चिकटवून जातो असे प्रकार होतात.

हसतमुख

रॅफल नको तर नको, पण काहीतरी मजा ठेवा बाबा, सगळंच डबे आणि वही झालं तर मुलं यायची नाहीत. संडे स्कूलच्या मुलांना केक-बिस्किटांचा स्टॉल लावू द्या, कशात काय आहे ते लिहून ठेवा म्हणजे अ‍ॅलर्जीवाल्यांना कळेल.

नवीन_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार, काल कमिटी झाली. ताईंचं लिहिलेलं वाचलं, कोणी बराच वेळ काही बोललं नाही आणि मग आमचे खजिनदारच म्हणाले की डिनर नको. पूर्ण सुटलेलं नाही, दोन जणांना अजून हवाय, त्यांना जुन्या खजिनदारांची अट सांगितली, खर्च कोणी उचलला तर बघू, अजून कोणी उचललेला नाही :)

सध्या ठरलंय ते असं की उपवासकाळात घरोघर डबे, शेवटी वॉक, आणि तरुण संघ वचनांचा लिलाव कागदी बोलीने करणार. रॅफल नाही. संस्थेशी बोललो, त्यांनी स्पष्ट सांगितलं की मदत सगळ्यांना, धर्म विचारत नाहीत, कोणी प्रार्थना मागितली तर करतात नाहीतर नाही. ते पत्रकावर तसंच छापतोय. गोष्ट सांगायची असेल तर संस्थेकडे त्यासाठी लेखी संमतीचा फॉर्म आहे आणि ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचायला देतात, हे मला माहीतच नव्हतं. मोजायच्या टेबलावर कोण बसणार ते पाळकसाहेब स्वतः एकेकाला भेटून विचारणार आहेत, वेदीवरून जाहीर करणार नाहीत.

एक शंका राहिलीये. एका सभासदाला वॉकच्या टी-शर्टवर आपल्या दुकानाचं नाव हवंय, बदल्यात तो सगळे टी-शर्ट देतोय. घ्यावं का?

जुना_खजिनदार

धंदा काय आहे त्यावर. व्याजाने पैसे देत असेल तर नको. बाकी असेल तर संस्थेला एक ओळ लिहून विचारा, नाव पाठीवर छोटं, आणि टी-शर्ट न घालता येणाऱ्याला पण चालू द्या.

मागच्या_बाकावरची

टी-शर्टपेक्षा त्याला डब्यांची छपाई द्यायला सांगा. टी-शर्ट एकदा घालतात.